सहा नंबरची रिकामी चौकट

१

साठ वर्षं रिकामी असलेली चौकट त्या सकाळी भरलेली दिसली आणि राखणदाराच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला.

युद्धाच्या दिवसांत इथून विमानं उडायची. आता धावपट्टीच्या भेगांतून गुडघाभर गवत आलं होतं, हँगरचं छप्पर वाऱ्यानं कधीच नेलं होतं आणि पेट्रोलच्या टाक्यांच्या जागी नुसते खड्डे उरले होते. धड राहिला होता तो एक टॉवर आणि त्याच्या तळमजल्यावरची ही खोली. खोलीत पुरुषभर उंचीची काच उभी होती. तिच्यावर पिवळ्या मेणपेन्सिलीनं रकाने आखलेले : विमानाचा नंबर, सुटल्याची वेळ, पेट्रोल कुठवर पुरेल ती वेळ आणि परतल्याची वेळ. शेवटच्या मोहिमेवर गेलेली सहा विमानं त्या काचेवर जशीच्या तशी राहिली होती. पाच परतली. सहा नंबरचं पेट्रोल पाच वाजेपर्यंतचं होतं आणि त्याच्यापुढची चौकट रिकामी.

त्या चौकटीत आता आकडे होते. चार वाजून बारा.

"माझ्या बापाचं विमान, ताई," राखणदार म्हणाला. "मी आईच्या पोटात होतो. फोटो नाही, पत्र नाही, काही नाही. ही रिकामी जागा हाच माझा बाप. त्याच्यावर कुणीतरी रेघोट्या ओढून गेलं."

ऐकणाऱ्या बाईंना सगळे अक्षरताई म्हणत. तीस वर्षं त्यांनी कोर्टासाठी हस्ताक्षरं तपासली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं होतं, आता नवऱ्याबरोबर निवांत चहा प्यायचा. पण तो वर्षभरापूर्वीच गेला. त्याच्या हातची वाणसामानाची एक यादी तेवढी त्यांच्या पर्समध्ये होती. तांदूळ, साबण, सुतळी. त्या कधीमधी ती उघडून वाचत आणि पुन्हा घडी घालून ठेवत.

जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीनं त्यांना पाठवलं होतं. समिती परवा येणार होती. काचेचा हा फळा अस्सल ठरला तर टॉवर राहणार, फळा दोन्ही बाजूंनी काच लावून कायमचा सीलबंद होणार. त्यात हात घातल्याचं सिद्ध झालं तर जागा गोदामांच्या कंपनीला आणि टॉवरवर बुलडोझर. तीन वर्षं अर्ज करकरून राखणदाराच्या चपला झिजल्या होत्या.

"काल संध्याकाळी शेवटचं कधी पाहिलंत?"

"धावपट्टीच्या टोकाला दिवा लावायला निघालो तेव्हा. तेव्हा चौकट रिकामी होती. अर्ध्या तासानं परत आलो, आईला घेतलं, कुलूप लावलं. फळ्याकडे बघायचं राहिलं. सकाळी उघडलं तर हे."

"कुलूप फोडलेलं नाही. म्हणजे झालं ते त्या अर्ध्या तासात. कोण कोण होतं?"

"वर प्रोफेसर नकाशा उतरवत होते. कंपनीचा मोजणीदार नोटीस घेऊन पायरीवर बसला होता. बाकी कुणी नाही." मग त्यानं मागच्या खिडकीकडे मान वळवली. "आई होती, पण तिला विचारून काय उपयोग? तीन वर्षं झाली, बोलणंच टाकलंय तिनं. घरी एकटी कुठे ठेवू म्हणून रोज इथे आणून बसवतो."

खिडकीशी एक चिमुकली म्हातारी बसली होती. मांडीवर शाल, शालीवर हात, हाताला बारीक कंप. अक्षरताईंनी तिला नमस्कार केला. तिनं मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे पाहू लागली. भिंतीवर रंगानं लिहिलेली जुनी सूचना होती : चाकं थांबल्याशिवाय लिहू नये.

२

अक्षरताईंनी चौकटीवरून बोट फिरवलं. काच गुळगुळीत लागली. मेण बोटाला लागलंच नाही.

"मागून लिहिलंय," त्या पुटपुटल्या.

"सगळंच मागून आहे," राखणदार म्हणाला. "पुढे अधिकारी बसायचे. त्यांच्या नजरेच्या आड कुणी येऊ नये म्हणून फळ्यावर लिहिणाऱ्या मुली काचेच्या मागे उभ्या राहायच्या आणि उलटं लिहायच्या, म्हणजे पुढून सुलटं दिसतं. महिनाभर सराव करून घ्यायचे म्हणे. आम्हाला सुलट्या हातानं सही धड जमत नाही, त्या पोरी उलट्या हातानं अख्खं युद्ध लिहायच्या."

काच आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर फट होती. अक्षरताईंनी टॉर्च आत धरला. भिंतीवर साठ वर्षांची धूळ होती आणि एका जागी कुणाची तरी पाठ घासून ती निघाली होती. ती जागा अक्षरताईंच्या खांद्याच्याही खाली होती.

मग त्यांनी टॉर्च आडवा धरला. ही त्यांची जुनी खोड. समोरून उजेड टाकला की अक्षर दिसतं, बाजूनं टाकला की त्याच्या पोटातलं दिसतं. नवीन आकड्यांची रेघ थरथरत गेली होती. पण तिच्या कडेनं आणखी एक रेघ डोकावत होती, फिक्कट, धुरकट. मेण कोरड्या फडक्यानं पुसलं की डोळ्यांना गेल्यासारखं वाटतं, पण काचेला त्याचा ओशटपणा राहतो आणि वर्षानुवर्षांची धूळ त्याच्यावर इमानानं बसत जाते.

त्या बराच वेळ वाकून राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"दादा, ही चौकट कधीच रिकामी नव्हती. इथे पूर्वी आकडे होते आणि ते कुणीतरी पुसले. काल ज्यानं लिहिलं, त्यानं तेच आकडे पुन्हा लिहिलेत."

३

"म्हणजे विमान परतलं?" प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या विमानतळाच्या इतिहासावर त्यांचं जाडजूड पुस्तक होतं आणि त्यात सहा नंबर समुद्रात पडल्याचं छातीठोकपणे लिहिलेलं होतं. "बाई, मग माझं सातवं प्रकरण रद्दीत घालायचं का?"

"तुमचंच नुकसान होणार, मग तुम्ही कशाला लिहाल?"

"तेच म्हणतोय." त्यांनी आपल्या पोटावर हात ठेवला. "शिवाय मी त्या फटीत शिरलो तर मला बाहेर काढायला भिंत पाडावी लागेल. मोजणीदाराचं काम आयतंच होईल."

मोजणीदार हडकुळा होता. फटीत तो आरामात मावला असता आणि फळा खोटा ठरण्यात त्याच्या कंपनीचा फायदाही होता. अक्षरताईंनी काही विचारायच्या आतच तो करवादला.

"माझ्यावर आळ नको हं, मॅडम. मी इथला दुश्मन, हे ठरलेलंच आहे. अहो, पण एवढं काय त्यात? असं फडकं मारलं की गेलं." आणि राखणदार ओरडेपर्यंत त्यानं रुमाल काढून चौकटीवर खसाखसा फिरवला.

आकडे होते तिथेच राहिले. मोजणीदार रुमालाकडे बघतच राहिला.

अक्षरताईंना हसू आलं. "लिहिणाऱ्याला ठाऊक असतं आपण कुठल्या बाजूनं लिहिलं ते. तुम्ही जा, चहा प्या."

"मी काही अगदीच वाईट माणूस नाही," तो जाताजाता म्हणाला. "आठवड्यापूर्वी दिवेवाल्याची खोली उकरताना फरशीखाली पत्र्याचा डबा मिळाला. आत वही होती. फेकता आली असती, आणून दिली यांना."

राखणदारानं कपाटातून वही काढली. ओल लागून तिची पानं एकमेकांना चिकटली होती. धावपट्टीच्या कडेचे दिवे कधी लावले, कधी विझवले, कशासाठी विझवले, याची ती नोंदवही होती.

"मी उघडायचा प्रयत्न नाही केला. फाटली असती. असेल काय तीत? दिवे लावले, दिवे विझवले."

"घरी नेऊ? वाफेवर पानं सुटतात कधीकधी."

वहीचं नाव निघाल्याबरोबर खिडकीशी बसलेल्या म्हातारीच्या मांडीवरची शाल खाली घसरली. राखणदारानं ती उचलून पुन्हा नीट घातली. अक्षरताई मात्र शालीवरच्या हातांकडे बघत होत्या. आजीनं मुठी गच्च आवळल्या होत्या.

४

संशय राहिला तो राखणदारावर. त्याच्याकडे किल्ली होती. बापाला घरी आणावं, एकदा तरी ती चौकट भरावी, असं कुठल्या लेकाला वाटणार नाही? पण माणूस ताडमाड उंच. भिंतीवरची धूळ त्याच्या पाठीनं पुसली जायची तर त्याला गुडघ्यांवर बसावं लागलं असतं. आणि थरथर कुठून आणायची? खोटी थरथर एका मापाची असते, खरी नसते. इतकं त्यांना तीस वर्षांत कळलं होतं.

ऊन कललं तसा राखणदार कोपऱ्यातला कंदील घेऊन निघाला. धावपट्टीच्या जुन्या दिव्यांपैकी तेवढा एक त्यानं दुरुस्त केला होता. अक्षरताई त्याच्याबरोबर चालू लागल्या.

"बारा वर्षांचा असल्यापासून रोज लावतो," तो म्हणाला. "लोक हसायचे. बाप काय आता उतरणार आहे का, म्हणायचे. नाही उतरणार, कळतं मला. पण अंधारात कुणी घरी यावं का?"

धावपट्टी संपते तिथे त्यानं दिवा ठेवला आणि तोंड समुद्राकडे केलं. मागे दलदल होती. बगळे, लव्हाळी, हिरवट पाणी. लहानपणी तो तिथे मासे धरायचा. "आई मारायची. दुसऱ्या कशासाठी तिनं बोट लावलं नाही कधी, पण इथे आलो की मारायची."

"आई येतात का कधी दिव्यापाशी?"

"एकदाही नाही. मी निघालो की ती खुर्ची फिरवते, खिडकीकडे पाठ करून बसते. तिला सोसत नसेल. तिचा नवरा होता ना."

अक्षरताईंनी वळून पाहिलं. टॉवरच्या खिडकीत पांढऱ्या केसांचा अंबाडा पाठमोरा दिसत होता.

"लग्नाआधी काय करायच्या त्या?"

"इथेच होती. मेसमध्ये ताटं वाढायची, असं म्हणायची."

घरी आल्यावर अक्षरताईंनी वही वाफेवर धरली. दोन पानं सुटली. त्यांनी वाचलं आणि गॅस बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. धावपट्टीकडून येणारी पायवाट टॉवरच्या मागून जाते. त्या वाटेनं सकाळी कुणी येत नाही. अक्षरताई वाट चुकल्या आणि मागच्या खिडकीसमोर आल्या.

काचेवर आतून दव धरलं होतं आणि आजी बोटानं त्यावर काहीतरी काढत होती. आत राखणदार स्टोव्ह पेटवत होता. त्याचा आवाज ऐकू आला, "झालं का आई तुझं चित्र? पोरासारख्या गिरगोट्या काढत असतेस रोज."

आतून त्या गिरगोट्या असतील. बाहेरून ते सुवाच्य आकडे होते. चार बारा. खाली पुन्हा चार बारा. बोट थांबत नव्हतं, विचार करत नव्हतं. तळहातानं पुसायचं, श्वास सोडायचा, पुन्हा लिहायचं.

आजीनं मान वर केली. काचेपलीकडे उभ्या असलेल्या बाईची नजर कशावर आहे, ते तिनं पाहिलं. तिनं काच पुसली नाही.

६

अक्षरताईंनी राखणदाराला काहीतरी आणायला वर पाठवलं आणि आजीसमोर स्टूल ओढून बसल्या.

"मेसमध्ये ताटं वाढणारीला उलटे आकडे येत नाहीत, आजी."

गंजलेली कडी सरकावी तसा आवाज आला.

"बारीक होते म्हणून घेतलं मला. फटीत मावायचे." ती थांबली. "अजून मावते. देवानं तेवढ्यासाठीच ठेवली असेल."

अक्षरताईंनी स्टूल आणखी जवळ सरकवलं.

"लग्नाला चार महिने झाले होते. पाच विमानं आली, पाचही लिहिली. सहावं राहिलं. त्याच्या इंजिनाला ठसका होता. दम्याच्या माणसासारखा. मी त्याला चिडवायचे, तुझं विमान म्हातारं झालंय. त्या पहाटे ठसका ऐकू आला. आलाच हा, असं वाटलं मला." तिनं भिंतीवरच्या सूचनेकडे बोट केलं. "ते तेव्हाही तिथेच होतं. चाकं थांबली की धावपट्टीवरून फोन यायचा, मग लिहायचं. मी थांबले नाही. लिहून टाकलं. माझ्या हातानं त्याला घरी आणायचं होतं मला."

"आणि तो आवाज?"

"हँगरमागे मेकॅनिक दुसरं इंजिन चालवून बघत होता."

अक्षरताईंनी पर्समधून वही काढली. वाचून दाखवायची हिंमत झाली नाही, म्हणून पान नुसतं पुढे धरलं. शत्रूची भीती असायची. सगळी परतली की दिवे ताबडतोब विझवायचे, हा तिथला नियम. इतर दिवशी विझवण्याच्या कारणात दिवेवाल्यानं कधी भोंगा, कधी धुकं लिहिलं होतं. त्या पहाटेची नोंद अशी होती : सव्वाचार, विझवले, फळ्यावर सहाही आली. आणि त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत : चार पस्तीस. वर एक घिरट्या घालतंय. लावायला धावलो. उशीर झाला.

"दोन घिरट्या घातल्या त्यानं," आजी म्हणाली. "पट्टी शोधत होता. मग दलदलीत गेला. सकाळपर्यंत पाण्यावर बुडबुडे येत होते. साहेब म्हणाला, पोरी, चूक तुझी, विचारल्याशिवाय दिवे विझवायला लावले ही माझी. पूस ती चौकट. रिकाम्या चौकटीला कुणी काही विचारत नाही. मी पुसली. पोट होतं मला."

"मग आताच का, आजी?"

"हा फळा जपणार म्हणतात. दोन्हीकडून काच लावणार. खोटं जपून ठेवणार, आणि ते जपायला माझंच पोर पाय झिजवतंय. काच बसली की मला आत शिरता येणार नाही. पेन्सिल माझ्याकडे होती. एवढी वर्षं. त्याला तूच सांग. मी रोज सांगायला तोंड उघडायचे आणि तो दिवा घेऊन निघायचा."

जिन्यावर पाऊल वाजलं. राखणदार शेवटच्या पायरीवर उभा होता. केव्हापासून, ते कळत नव्हतं. पण त्याच्या हातातली पेटी वाकडी झाली होती आणि आतले कागद एकेक करून पायरीवर पडत होते.

७

सांगावं लागलंच. अक्षरताईंनी हलक्या आवाजात, एकावर एक वीट ठेवावी तसं सांगितलं. पाठीची खूण बुटक्या माणसाची. लिखाण मागून, म्हणजे शिकलेल्या हाताचं. थरथर म्हातारपणाची. आकडे जुन्याच खुणेवर, म्हणजे पूर्वी काय लिहिलं होतं ते पाठ असलेल्याचे. दिवेवाल्याची वही त्या आकड्यांना साक्ष. आणि खिडकी. राखणदार वही हातात घेऊन ऐकत राहिला. शेवटची ओळ त्यानं अंगठ्यानं झाकली.

"फळा अस्सलच आहे," त्या म्हणाल्या. "ज्या हातानं सगळ्या वेळा लिहिल्या, त्याच हातानं पुसलेली वेळ पुन्हा लिहिली. मी समितीला तसंच लिहून देईन. टॉवर पडणार नाही, दादा."

टॉवर पडणार नाही. या तीन शब्दांसाठी त्यानं तीन वर्षं घालवली होती. त्यानं ते ऐकले की नाही, कळलं नाही.

"मी तिथे मासे धरायचो," तो म्हणाला.

त्यानं वही मिटली.

"आणि दिवा समुद्राकडे तोंड करून लावायचो. पन्नास वर्षं. त्याच्याकडे पाठ करून." त्यानं आईकडे पाहिलं, पहिल्यांदाच. "रोज मी दिवा लावायला जायचो, आई. रोज. तू एकदा तरी अडवायचंस."

आजीनं हात पुढे केला. त्यानं तो पाहिला. मग वही टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला.

दुपार गेली. प्रोफेसर येऊन गेले, वही वाचून खुर्चीत बसून राहिले आणि सातव्या प्रकरणाबद्दल एक शब्द न बोलता निघून गेले. अक्षरताईंनी अहवाल लिहिला. लिहिताना दोनदा त्यांनी पर्समधली यादी चाचपली. तांदूळ, साबण, सुतळी. काही माणसांना शेवटचं एवढं साधं काही मिळतं, हे किती मोठं, असं त्यांना वाटलं आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

ऊन कललं. दिव्याची वेळ झाली. कंदील कोपऱ्यात होता तिथेच राहिला.

आजीनं खुर्चीचे हात धरले. अक्षरताई मदतीला उठल्या, पण तिनं मानेनंच नको म्हटलं. एकेक पाय सरकवत तिनं खुर्ची फिरवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती त्या वेळी खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर धावपट्टी लांबवर राखाडी होत गेली होती आणि तिच्या टोकाला, दलदलीच्या काठाशी, एक उंच माणूस उभा होता. पाण्याकडे तोंड करून. दिवा नव्हता, त्यामुळे अंधार पडला तसा तो दिसेनासा होत चालला.

खूप वेळानं ती आकृती हलल्यासारखी वाटली. टॉवरच्या दिशेनं वळली असावी. अक्षरताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"आलाच बघा तो."

आजीनं डोळे अंधारावरून हलवले नाहीत. शालीतून हात काढून तिनं अक्षरताईंचा हात घट्ट धरला.

"असं म्हणू नये, बाई," ती म्हणाली. "चाकं थांबल्याशिवाय म्हणू नये."